हेंकला नोकरीवरून काढताना

आमच्या इथल्या मराठी मंडळात नवी ओळख झाली की लोक सांगतात, मी अमुक बँकेत आर्किटेक्ट, मी तमुक कंपनीत टेस्ट लीड. माझी पाळी आली की मी सांगायचो, "मी लोकांना नोकरीवरून काढतो." लोक हसायचे. मग हातातल्या बशीकडे बघत विचारायचे, "नाही, पण खरंच काय करता?"

खरंच तेच करत होतो. द हेगजवळच्या एका कॉलेजात मी पर्सोनेल खात्यात होतो. नेमणुका, बढत्या, बाळंतपणाच्या रजा ही आनंदाची कामं इतरांकडे होती. ज्याचं कुणाशीच पटत नाही, ज्याचं काम संपलंय पण करार संपलेला नाही, अशांची प्रकरणं माझ्या टेबलावर यायची. निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. त्याचा अभिमान वाटतो का? थोडा वाटतो. न्हाव्याला वाटत असेल तेवढा.

बाहेरच्यांना वाटतं, काढणं म्हणजे काय, एक कागद हातात द्यायचा. भारतात कदाचित तसं असेल. इथे घटस्फोट त्याहून लवकर मिळतो. माणूस कायमचा नोकरीत असेल, तर सरकारी कचेरीची परवानगी घ्या, नाहीतर न्यायाधीशाला पटवा. दोन्ही जमण्यासारखं नसेल, तर समेट करा. समेट म्हणजे दोघांनी मिळून सही करायची की आमचं पटत नाही आणि यात दोष कोणाचाच नाही. मी लिहिलेल्या समेटांवर विश्वास ठेवला, तर आमच्या कॉलेजात कधी कुणाची चूक झालेली नाही.

याखेरीज एक चौथी वाट आहे. तिला डच भाषेत जे म्हणतात त्याचा अगदी नेमका मराठी अर्थ 'उभ्याउभ्या काढणं'. चोरी केली, मारामारी केली, तर माणसाला त्याच दिवशी उभ्याउभ्या घरी पाठवता येतं. असं गेलेल्याला बेकारभत्ताही मिळत नाही. ही वाट मालकांना फार आकर्षक वाटते आणि बहुतेक वेळा ती थेट खड्ड्यात जाते, हे त्यांना सांगण्याचा मला पगार मिळायचा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. डच शिकवणाऱ्या एका मास्तरांना मी काढल्याचं पत्र दिलं, तर त्यांनी ते लाल पेनने तपासून परत पाठवलं. खाली शेरा होता, 'पूर्वीपेक्षा सुधारणा आहे.' एक बाई मीटिंगला केक घेऊन आल्या, कारण त्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता आणि इथल्या ऑफिसांत ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो. आम्ही आधी केक खाल्ला. मग मी विषय काढला. उरलेला केक त्या परत घेऊन गेल्या.

हे सगळं समोरासमोर बसून होत होतं तोवर ठीक होतं. मग करोना आला आणि माणसांना स्क्रीनवरून काढायची वेळ आली. त्यातच माझं आडनाव गोखले. डच लोक 'ग'चा उच्चार घशातून 'ख' असा करतात. 'मेनेर खोखाले', म्हणजे श्रीयुत गोखले, अशी हाक मारली की कुणीतरी घसा खाकरला असं वाटून मीटिंगमधले सगळे दचकून आपापल्या माइककडे बघायचे.

त्या दिवसांतलं हे हेंकचं प्रकरण.

हेंक आमचा रोइंगचा कोच. इथल्या विद्यार्थ्यांत वल्हवण्याच्या शर्यतींचं वेड आहे. आठ जण एका लांबलचक अरुंद बोटीत एकामागे एक बसून वल्हवतात. त्यांची पाठ पुढे असते, म्हणजे आपण कुठे चाललोय हे आठांपैकी एकालाही दिसत नाही. दिसतं ते फक्त शेपटाकडे बसलेल्या नवव्या माणसाला. त्याला कॉक्स म्हणतात. तो वल्हवत नाही. सुकाणू धरतो आणि ओरडतो. आणि कोच? तो बोटीत नसतोच. तो कालव्याच्या काठाने सायकल चालवत, एका हातात कर्णा घेऊन त्या नवांवर ओरडत जातो. हेंक साठीला आलेला, दारासारखा रुंद माणूस. त्याची सायकल येताना दिसली की काठावरची बदकं आधीच पाण्यात उतरत.

कॉलेजने त्याच्याशी काही वर्षांचा मुदतीचा करार केला होता. त्यात मुदतीआधी मोडण्याचं कलम नव्हतं. असल्या करारातून लवकर बाहेर पडायचं तर उरलेली मुदत विकत घ्यावी लागते, म्हणजे माणसाला घरी बसवून त्याचा पगार चुकता करायचा. करार झाला तेव्हा आमचे विद्यार्थी शर्यती जिंकत होते आणि हेंकने दुसरीकडे जाऊ नये म्हणून सगळे त्याच्या विनवण्या करत होते. मग शर्यती बंद झाल्या, वर्ग बंद झाले, बोटहाऊसला कुलूप लागलं. हेंकचा करार तेवढा चालू राहिला.

आमची डायरेक्टर मारलेन. हुशार बाई, कामाला वाघ, दुष्ट मुळीच नाही. आमच्याकडे डायरेक्टरलाही नावानेच हाक मारतात. ती एकदा मला म्हणाली, "प्रभाकर, माझ्याकडे शर्यती नाहीत, बोटी नाहीत, विद्यार्थी नाहीत. पण कोच आहे. हे मी बोर्डाला कसं समजावू?"

"करार दाखव," मी म्हणालो.

"त्यांनी पाहिलाय. म्हणून तर विचारताहेत."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फोटो आला. कालव्यापलीकडे राहणाऱ्या कुणीतरी कॉलेजला पाठवला होता. त्या काळात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवणं हा इथला एकमेव परवानगी असलेला खेळ होता. फोटोत हिवाळ्याचं धुकं, राखाडी पाणी आणि दोन जणांची एक बोट. मागे हेंक, पुढे जाकिटाची टोपी डोक्यावरून ओढलेलं कुणीतरी लहानखुरं. सरकारी नियम काय म्हणत होता त्यावर वाद घालता आला असता, पण कॉलेजचा स्वतःचा हुकूम स्वच्छ होता. बोटहाऊस बंद, बोटी बंद, कोणीही पाण्यात जायचं नाही.

मारलेनने हेंकला स्क्रीनवर बोलावलं. मी साक्षीला.

"हा तूच ना?"

"मीच."

"बोटहाऊस उघडलंस?"

"माझ्याकडे किल्ली आहे."

"का उघडलंस?"

"आत बोट होती."

"तुझ्याबरोबर कोण आहे?"

"ते तुला कळायची गरज नाही."

मारलेनने हा प्रश्न आणखी दोन तऱ्हांनी विचारला. उत्तर तेच आलं. मी मधे पडून म्हणालो, "हेंक, तू कारण सांगितलंस तर तुझ्या फायद्याचं होईल." तो म्हणाला, "माझ्या फायद्याचं बघायला तुला ठेवलेलं नाही." हे मात्र बरोबर होतं.

मारलेनने दहा मिनिटांची सुटी घेतली आणि मला वेगळा फोन केला. उभ्याउभ्या काढायचं, ती म्हणाली. मी सांगितलं की हे टिकणार नाही, चोरी नाही, मारामारी नाही, एक कुलूप उघडलंय. न्यायाधीश विचारेल की आधी समज का दिली नाही. ती म्हणाली, "समज देऊन काय करू? तो करार संपेपर्यंत समजूतदार राहील." बोर्डाला उत्तर हवं होतं आणि ते फोटोच्या रूपाने चालत आलं होतं. तिने परत येऊन हेंकला सांगितलं की आजपासून, या क्षणापासून तुझी नोकरी संपली.

हेंक उठून उभा राहिला आणि बोलू लागला. चेहरा लाल, हात हवेत. त्याचा माइक बंद होता. मी आणि मारलेन, दोघांनीही ते त्याला सांगितलं नाही. बोलून झाल्यावर तो खाली बसला आणि स्क्रीन काळी झाली.

अपेक्षेप्रमाणे तो युनियनच्या वकिलाकडे गेला आणि वकिलाने कोर्टात अर्ज केला. मागणी साधी होती. काढणं बेकायदा ठरवा आणि उरलेल्या मुदतीचा पूर्ण पगार द्या. आमच्या वकिलाने उलट उत्तर दिलं. कागद जाड होऊ लागले. माझ्या धंद्यात हे नेहमीचं.

नेहमीचा नव्हता तो एक फोन.

"हॅलो, गोखले काका का? तुम्ही मराठी आहात ना?"

मी रायस्वाइकमधल्या माझ्या घरी स्वयंपाकघरात बसून काम करत होतो. ऑफिसच्या फोनवर मराठी ऐकून मला आधी वाटलं की कुणाला गणपतीची वर्गणी हवी आहे.

"मी सानिका. तुमच्याच कॉलेजात मास्टर्स करते. मूळची पुण्याची, सिंहगड रोडची. हेंकच्या बोटीची मी कॉक्स आहे." मग म्हणाली, "फोटोत मी आहे."

"हे बघ," मी म्हणालो, "तू माझ्याशी बोलू नयेस. मी कॉलेजच्या बाजूने आहे. हेंकचा वकील आहे, त्याच्याशी बोल."

"त्याच्याशी बोललेय. मला तुमच्याशी बोलायचंय. काका, प्लीज."

त्या दिवसांत भेटायचं म्हणजे चालायचं. आम्ही फ्लीट कालव्याच्या काठाने दीड मीटर अंतर राखून चाललो. पोरगी जेमतेम माझ्या खांद्याला लागत होती, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचा कुत्रा वळून बघायचा. तो आवाजच हेंकने हेरला होता. कॉलेजच्या सायकल स्टँडवर कुणीतरी हिची सायकल पाडली, त्यावर ही मराठीत जे बोलली ते हेंकने शंभर पावलांवरून ऐकलं आणि येऊन विचारलं, "तुला पोहता येतं का?"

"मला कळेचना," ती म्हणाली. "वाटलं, हा मला कालव्यात टाकणार."

मग तिने बाकीचं सांगितलं. बोलताना आवाज हळूहळू साध्या माणसाइतका झाला.

लॉकडाउन लागल्यावर तिच्या घरातल्या डच मुली आपापल्या आईवडिलांकडे निघून गेल्या. विमानं बंद, ही कुठे जाणार? आठ खोल्यांच्या घरात एकटी. वर्ग स्क्रीनवर, तेही तिने हळूहळू बंद केले. आधी आंघोळ बंद झाली, मग जेवण, मग पडदे उघडणं. घरी फोन केला की कॅमेऱ्यासमोर टॉप बदलून बसायची आणि सांगायची, मस्त चाललंय.

"एक दिवस असं वाटायला लागलं की," ती म्हणाली आणि थांबली. कालव्यातून एक मालाची नाव जात होती. नाव पूर्ण गेल्यावर ती पुढे बोलली. "म्हणजे आपण नसलो तर कुणाला किती दिवसांनी कळेल, याचा मी हिशेब करत होते. शांतपणे. अभ्यासासारखा."

हेंक दर रविवारी आपल्या बोटीतल्या प्रत्येकाला फोन करत असे. बोलणं काही नाही. जिवंत आहेस? जेवलास? बरं. हिने उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला नाही, तेव्हा तो सायकलवर येऊन दारावरची बेल दाबून उभा राहिला. ही खाली येईपर्यंत त्याने बेलवरचं बोट काढलं नाही.

"दार उघडलं तर म्हणाला, जाकीट घाल. मी म्हटलं, कुठे? म्हणाला, आज तू वल्हव, मी ओरडतो. काका, मला वल्हवता येत नाही! मी कॉक्स आहे! पण त्याने मला बोटीत बसवलं, आणि खरंच ओरडला. पूर्ण वेळ. माझ्या हाताला फोड आले. घरी आले आणि मला भूक लागली."

त्यानंतर तो तिला आठवड्यातून काही वेळा पाण्यावर नेत राहिला. इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे हाउसआर्ट्सकडे, तिने फोन करावा म्हणून शेजारी उभा राहिला आणि ती आत असताना बाहेर बाकावर बसला. उपचार सुरू झाले. मग फोटो आला.

"तो कोणालाही सांगत नाहीये," ती म्हणाली. "मला म्हणतो, तू गप्प बस, हा माझ्या आणि कॉलेजच्या मधला व्यवहार आहे. आणि त्याची नोकरी गेली, काका. भत्तासुद्धा नाही. मी कोर्टात सांगणार आहे."

"घरी माहीत आहे?"

"वेडे आहात का?"

मी तिला विचारलं की नाव न घेता मी हे डायरेक्टरला सांगू का. ती म्हणाली, सांगा. मी दुसऱ्या दिवशी मारलेनला सांगितलं. 

"मग त्याने हे का नाही सांगितलं?"

"कारण ते त्याचं नव्हतं सांगायचं."

"प्रभाकर, आता मी काय करू? आज माघार घेतली तर बोर्ड विचारेल का. मग मला सांगावं लागेल की आपल्या परदेशी विद्यार्थ्यांचं काय चाललंय हे कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं, एका कोचला सोडून, आणि त्याला आपण काढलं." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "न्यायाधीशाला ठरवू दे."

हा डायरेक्टर लोकांचा आवडता मार्ग आहे. न्यायाधीशाने चूक दाखवली की ती न्यायाधीशाची होते.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात सानिकाचा पुन्हा फोन आला. आवाज बसलेला.

"आईला सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. तो हिशेबसुद्धा. कोर्टात बोलायचं आणि आईला नंतर कुठून तरी कळायचं, हे मला नको होतं. आधी ती नुसती बघत राहिली. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, आज जेवलीस का? मग रडायला लागली. मग बाबांना बोलावलं, ते उभेच राहिले. आता दोघं दर तीन तासांनी फोन करताहेत." ती थोडी हसली. "पण मोकळं वाटतंय, काका. आता मी कुणासमोरही बोलू शकते."

मी तिला 'शाबास' म्हणालो. दुसऱ्या बाजूच्या माणसाने साक्षीदाराला म्हणावं असं हे नाही, पण मराठीत म्हटलं होतं.

सुनावणी स्क्रीनवर झाली. न्यायाधीश पन्नाशीच्या बाई, मागे फायली आणि एक वाळत चाललेलं रोप. सानिका बाहेर, म्हणजे स्क्रीनच्या बाहेरच्या त्या आभासी खोलीत थांबली होती. हेंकच्या वकिलाने तिला ऐकावं अशी विनंती केली होती आणि न्यायाधीश म्हणाल्या होत्या, बघू. हेंकने कोट घातला होता. तो त्याला दंडावर होत नव्हता.

न्यायाधीशांनी आधी आमच्याकडे बघितलं. "मेनेर खोखाले," त्या म्हणाल्या. दोघांनी आपला माइक तपासला. "याआधी या गृहस्थांना कधी ताकीद दिली होती?"

"नाही."

"त्यांच्याविरुद्ध काही तक्रार?"

"आवाजाची. काठावरच्या रहिवाशांकडून."

"एक कुलूप उघडलं म्हणून माणसाची रोजीरोटी त्याच दिवशी बंद करावी, हे मला अजून पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग हेंककडे वळल्या. "पण तुम्हीही मला मदत करत नाही आहात. बोटीत कोण होतं आणि का, एवढा एकच प्रश्न आहे."

"एक वल्हवणारा होता," हेंक म्हणाला.

"नाव?"

"नाही."

"बाहेर एक तरुणी थांबल्या आहेत. बहुधा त्या सांगतील."

हेंकने वकिलाकडे बघितलं. त्या नजरेने वकील खुर्चीत मागे सरकला.

इथले न्यायाधीश निकाल देण्याआधी दोन्ही पक्षांना सांगतात, जरा बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलून बघा. माझ्या नोकरीतली निम्मी प्रकरणं कोर्टातल्या कॉफी मशीनशेजारी मिटलेली आहेत. "एरवी मी तुम्हाला कॉरिडॉरमध्ये पाठवलं असतं," न्यायाधीश म्हणाल्या. "आता आपापल्या घरातल्या कॉरिडॉरमध्ये जा आणि एकमेकांना फोन करा."

मी जिन्याखाली, बूट ठेवतो तिथे उभा राहिलो. वकिलांनी एकमेकांना फोन करायचा असतो. पण माझा फोन वाजला तो हेंकचा.

"ती बाहेर थांबली आहे?"

"आहे."

"आपलं आत्ता मिटलं तर तिला आत घेतील का?"

"नाही. मिटलं की संपलं."

"मग मिटव."

"हेंक," मी म्हणालो, आणि इथे मी पुन्हा माझ्या धंद्याच्या बाहेर गेलो, "तू जिंकतोयस. बाईंनी जवळजवळ सांगितलंच. अर्धा तास थांबलास तर तुला सगळी मुदत मिळेल."

"मला कळतं. अर्धी द्या. उभ्याउभ्या काढलं ते मागे घ्या, म्हणजे भत्त्याचं बघता येईल. आणि त्या पोरीला तिथे बसून परक्या लोकांना ते सांगायला लावू नका. मी तिला बोटीत घेतलं ते याच्यासाठी नाही."

"तिला सांगायचंय, हेंक."

"तिला बावीस वर्षांच्या माणसाला जे वाटतं ते वाटतंय," तो म्हणाला. "फोन कर तुझ्या डायरेक्टरला."

मारलेन एका वाक्यात तयार झाली. आमच्या नेहमीच्या मसुद्यात एक कलम असतं, गेलेल्या माणसाने विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवायचा नाही. हेंकने तेवढं खोडायला लावलं. ते कलम खोडताना मारलेन म्हणाली, "पैशांवर एवढा कमी भांडलेला माणूस तू पाहिला होतास?" मी म्हणालो, नाही. पाहिला नव्हता. न्यायाधीशांनी समेट वाचून दाखवला. दोन्ही पक्षांचं पटत नाही आणि यात दोष कोणाचाच नाही. स्क्रीन एकेक करून बंद झाल्या.

सानिकाचा फोन आला तेव्हा मी अजून जिन्याखालीच होतो.

"संपलं म्हणताहेत. असं कसं संपलं? मला बोलावलंच नाही!"

मी तिला सांगितलं काय झालं ते.

"मला न विचारता?" तो आवाज आता सायकल स्टँडवरचा होता. "माझ्यासाठी त्याने अर्धे पैसे सोडले, आणि मला कोणी विचारलंही नाही? मी आईला सांगितलं, काका! आईला! कशासाठी? तुम्हा दोघा म्हाताऱ्यांनी फोनवर मिटवून टाकलं!"

  ज्याची बाजू घेतली जाते त्याला विचारायचं असतं, हे हेंकला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी दुसऱ्या बाजूचा होतो. तिने फोन ठेवला. हेंकशी तर तिने कित्येक महिने बोलणं टाकलं. तो रविवारी फोन करायचा, ती कट करायची. हेंकने मला सांगितलं, "कट करते, म्हणजे जिवंत आहे."

मी त्यानंतर फार दिवस नोकरीत राहिलो नाही. वय झालंच होतं. माझा निरोपसमारंभ स्क्रीनवर झाला. मारलेन छान बोलली. नंतर, कोणी सांगितलेलं नसताना, तिने परदेशी विद्यार्थ्यांना दर आठवड्याला फोन करायला एक माणूस नेमला. मुदतीच्या करारावर. या वेळी मुदतीआधी मोडण्याचं कलम घातलं होतं.

हेंक शहरातल्या एका साध्या क्लबात जाऊ लागला. तिथे त्याच्या हाताखाली आलेले आठ जण सगळे निवृत्त. एकाच्या गुडघ्यात स्टीलचा सांधा, एकाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांना कॉक्स मिळत नव्हता. मधल्या काळात सानिकाला झुइडास या बँका-कंपन्यांच्या भागात नोकरी लागली होती. एका शनिवारी ती क्लबात आली, हेंककडे न बघता जाऊन बोटीच्या शेपटाला बसली आणि त्या आठ म्हाताऱ्यांवर ओरडायला लागली. हेंक सायकलवर चढला. त्या दिवशी एकमेकांशी ते अवाक्षर बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी भांडले. मग सुरळीत झालं.

विमानं सुरू झाल्यावर सानिकाची आई आली. बँकेत नोकरी केलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. सानिकाने मला बोलावलं, "काका, आईला हेंकशी बोलायचंय आणि मी भाषांतर करणार नाही. मी सोयीचं तेवढंच सांगेन असं ती म्हणते."

म्हणून मी गेलो. उन्हाळ्याची सकाळ, गवत ओलं. सानिका दूर धक्क्यावर म्हाताऱ्यांना बोटीत बसवत होती. आई आणि हेंक समोरासमोर उभे राहिले. हेंकला काय करावं कळेना, त्याने टोपी काढली.

"यांना सांगा," आई म्हणाल्या, "मी तिची आई असून मला तिचा चेहरा रोज दिसत होता. आणि मला कळलं नाही. यांना फोन न उचलल्यावर कळलं."

मी सांगितलं. हेंक गवताकडे बघत म्हणाला, "त्यांना सांग, ती माझं एक अक्षर ऐकत नाही."

मी सांगितलं.

"आमचंही नाही," आई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तिला कोर्टात बोलू का दिलं नाही, तेही विचारा. तिच्या मनातून ते अजून गेलेलं नाही."

मी हेंकला विचारलं. "मला वाटलं मी तिला वाचवतोय," तो म्हणाला. "एकदा वाचवलं की सवय लागते. माझं चुकलं. हे मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, मोठ्याने सांग. मी कर्ण्यातून सांगितलं."

मी तेही आईंना सांगितलं. आई मान हलवत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून पुण्याहून आणलेला बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा काढून अख्खा हेंकच्या हातात दिला. हेंकने झाकण उघडून एक लाडू पूर्ण तोंडात घातला, आणि तोंड भरलेलं असतानाच सायकल घेऊन धक्क्याकडे गेला, कारण बोट सुटली होती.

आम्ही दोघं काठावर उभे राहिलो. पाण्यावरून सानिकाचा आवाज येत होता.

"आणि तुम्ही?" आईंनी विचारलं. "या सगळ्यात तुम्ही कोणाच्या बाजूने होता?"

"कॉलेजच्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग पर्स उघडली, कागदी रुमालात गुंडाळलेला एक लाडू काढला, बहुधा स्वतःसाठी ठेवलेला, आणि अर्धा करून माझ्या हातावर ठेवला.